खालची पायरी

यंत्र थांबलं, तेव्हा आधी आमच्या दुकानातल्या बांगड्या गप्प झाल्या.

भुयारी गटारीसाठी मेन पेठ उकरायला घेतल्यापासून दांड्यांवर चढवलेल्या काचेच्या बांगड्या दिवसभर किणकिणत असायच्या. गिऱ्हाइकाशी बोलतानाही तो आवाज कानात असायचा आणि मला त्याचा धसका बसला होता. मला आठवा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, धक्का लागू देऊ नका, ओझं उचलू नका, घाबरू नका. पहिल्या दोन गोष्टी निदान हातातल्या होत्या. माझं पहिलं बाळंतपण आठव्यातच झालं होतं आणि पोर एक दिवस काढून गेली होती. त्यामुळे यंत्र सुरू झालं की माझा हात आपोआप पोटावर जायचा.

"बंद का पडलं हो?" मी आतून विचारलं.

"पडलं नाही, पाडलं," हे ओट्यावरून म्हणाले. "खाली काहीतरी लागलंय. जुन्या विटा दिसतायत."

माझ्या सासूबाई, सोजराबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

"कुटं लागलं, दिगू? आपल्या दारात?"

"दारातच की. ओट्याला लागून."

आत्याबाई ओट्याच्या पायऱ्या भराभर उतरल्या आणि सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसल्या. मला वाटलं, गंमत बघायला बसल्या असतील. बाजारातली निम्मी माणसं तेच करत होती.

आमचं कसबे धानोरे गोदावरीकाठचं गाव. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. गाव जुनं. किती जुनं असं विचारलं, तर प्रत्येक जण आपापल्या खापरपणज्यापर्यंत जायचा आणि तिथं दम खायचा. त्याच्याही खाली गाव आहे हे आम्हाला त्या गटारीनं सांगितलं. काम थांबलं, सरकारी कागद फिरले आणि पुण्याहून मृणाल धारप नावाच्या बाई चार पोरापोरींना घेऊन आल्या. उंच, काळ्यासावळ्या, डोक्यावर कापडी टोपी आणि बोलणं अगदी हळू. यंत्र गेलं आणि त्याच्या जागी ब्रश, करण्या, घमेली आली. दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधल्या गेल्या. माणसं पेठेत यायची ती खड्डा बघायला, खरेदी करायला नाही.

आमच्या शेजारी रंगनाथ डहाळेंचं भांड्यांचं दुकान. ते रोज सकाळी दुकान उघडलं की खड्ड्याकडे बघून एकदा तरी म्हणायचे, "काय दिवस आले बघा! आमची नवी भांडी कुणी घेईना, अन् ह्या बाई फुटकी मडकी कापसात गुंडाळून ठेवतात!"

आम्ही हसायचो. आत्याबाई हसत नसत. त्या पायरीवर असत. सकाळचा स्वयंपाक उरकला की त्या पायरीवर, जेवण झालं की पुन्हा पायरीवर. भाजी तिथंच निवडायच्या, माळ तिथंच ओढायच्या. खालच्या पायरीचा त्यांना गटारीच्या कामाआधीपासूनच सोस होता. तिच्यावर कुणी चपला काढल्या, तर गिऱ्हाईक असो नाहीतर जावई, आत्याबाई त्याची गय करत नसत. रोज सकाळी त्या पायरीवर रांगोळी निघालीच पाहिजे आणि ती मीच काढली पाहिजे. ताप असला तरी मीच. संध्याकाळी तिथं पणती, अवसेला वाटीभर दूध. का म्हणून विचारलं, तर एकच उत्तर, "लक्ष्मीची पायरी हाय ती. गुमान काढ."

सासूनं सांगितलं ते करावं, एवढं मला कळत होतं. शिवाय तेवढं एक सोडलं तर बाई मायाळू होती. पहिल्या खेपेनंतर मी तापानं फणफणले होते, दवाखान्यात मला शुद्ध नव्हती, हे माझ्या उशाशी होते, तेव्हा माझ्या पोरीचं सगळं आत्याबाईंनीच केलं होतं. दात न आलेल्या लेकराला आमच्यात अग्नी देत नाहीत, माती देतात. "गंगेच्या काठी, घाटाच्या पल्याड दिली माती," एवढंच त्या मला म्हणाल्या होत्या. मी पोरीचं तोंडही पाहिलं नव्हतं. मग दर अवसेला मी घाटापलीकडे जायचे, पाण्यात एक फूल सोडायचे आणि थोडं रडून परत यायचे. आत्याबाई कधी बरोबर आल्या नाहीत. "मला न्हाई बघवत," म्हणायच्या. मला ते पटायचं.

एकदा दुपारी धारप मॅडम दुकानात आल्या.

"वहिनी, मला बांगड्या भरा. इतके दिवस तुमच्या दारात माती उकरतेय, भवानीला मीच सापडले असं समजा."

मी त्यांचा हात हातात घेतला. मातीनं खरखरीत झालेला हात. बोटं सैल करून अंगठ्याच्या मुळाशी दाबत एकेक बांगडी चढवताना माणूस आपोआप बोलायला लागतं. कासाराच्या दुकानात म्हणूनच कुणाचं काही झाकून राहत नाही.

"खाली काय काय निघालं हो?"

"वर विटा. त्याच्याखाली शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. तुमचा धंदा ह्या पेठेत फार जुना आहे बरं का." त्या हसल्या. "आणि काल अगदी तळाला, काळ्या मातीत, दोन मडकी लागली. आडवी ठेवलेली, एकाच्या तोंडाला दुसऱ्याचं तोंड लावून."

"रिकामी?"

"अंदाज आहे, पण खात्री झाल्याशिवाय बोलू नये. अडचण अशी आहे की निम्मी मडकी तुमच्या ओट्याखालच्या मातीत घुसलीत. ती माती ढिली झालीय आणि वर पायरीचा दगड. माझी पोरं खाली बसून काम करतात, उद्या दगड कोसळला तर? तेवढी खालची पायरी काढून घ्यावी लागेल. पुन्हा जशीच्या तशी बसवून देऊ."

"पायरीला हात लावायचा न्हाई."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्या कधी वर चढून आल्या ते आम्हा दोघींना कळलंही नव्हतं.

"मावशी, दगडाला धक्का न लावता..."

"न्हाई म्हंजे न्हाई. ही बाळंत हुईस्तवर त्या दगडाला कुनी शिवायचं न्हाई. मग काय करायचं ते करा."

त्यांचा आवाज असा चिरका मी कधी ऐकला नव्हता. माझ्या हातून दाब जास्त पडला आणि मॅडमच्या हातावरची बांगडी वाढली. भरताना वाढलेल्या बांगडीचे पैसे कासार घेत नाही, पण माझ्या हातून असं सहसा होत नसे. मी काचा गोळा करत बसले. मी बाळंत होईपर्यंत, असं त्या का म्हणाल्या? पायरीचा आणि माझा संबंध काय?

ह्या प्रश्नाचं उत्तर बाजारानं माझ्याआधी काढलं. तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी, ही बातमी संध्याकाळपर्यंत वेशीपर्यंत पोचली होती. डहाळे आमच्या ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "दिगंबर, हंडे पुरायची रीतच ती! आत सोनं, वरून दुसरा हंडा पालथा. तुझ्या पणज्यानं ठेवलं असणार. तू गप्प बसलास तर सरकार घेऊन जाईल. आयत्या बिळावर नागोबा!"

झालं. दुसऱ्या दिवशी जेवताना ह्यांचा घास ताटातच राहिला.

"आईला ठाऊक आहे," हे हळूच म्हणाले.

"काय?"

"धनाचं. तूच विचार कर. त्या पायरीवर चपला ठेवू देत नाही. दिवा लावते, दूध ठेवते. लक्ष्मीची पायरी म्हणते. लक्ष्मी! आणखी काय सांगायला पाहिजे? आजीनं मरताना तिच्याच कानात सांगितलं असणार."

मग ह्यांनी दुकानाला काचेचं कपाट केलं, वरचा मजला चढवला आणि मोटारसायकल घ्यायची की जीप यावर माझ्याशी थोडं भांडूनही घेतलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. एरवी मी त्यांची चांगली फिरकी घेतली असती. पण सकाळीच पाणी भरताना डहाळीणबाई माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या होत्या, "जपून राहा गं. पुरलेलं धन फुकट निघत नसतं. निघताना घरातलं एक घेऊन जातं."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती. मी बारावी शिकलेली होते. पण पोट आठ महिन्यांचं असलं आणि एक पोर गेलेली असली, की शिक्षण कुठे जातं कोण जाणे. आत्याबाईंना पायरी आत्ता का उघडायची नाही, बाळंतपणानंतर का चालेल, याचा मी उलटसुलट विचार करू लागले. त्या मला वाचवत होत्या की कशासाठी तरी राखून ठेवत होत्या? पहिल्या पोरीच्या वेळीही पायरीवर दिवा लागत होता का? मला आठवेना. आणि मग आठवलं, की नव्हता. दिवा, दूध, रांगोळी, सगळं त्यानंतरच सुरू झालं होतं.

पायरी काढायचा दिवस नगरपालिकेनं ठरवून टाकला. त्या सकाळी उठले तेव्हापासून पोटात काही हललं नव्हतं. मी कुशीवर झोपून पाहिलं, गार पाणी पिऊन पाहिलं, गूळ खाल्ला. काही नाही. हे कुणाला सांगायचीही भीती वाटत होती. बोललं तर खरं होईल, असं वाटत होतं. मी तशीच रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आले.

आत्याबाई पायरीवर बसलेल्या होत्या. समोर नगरपालिकेचे दोन गडी पहारी घेऊन उभे, पलीकडे धारप मॅडम आणि सगळी पेठ गोळा झालेली.

"उठा आजीबाई," एक गडी म्हणाला.

"माज्या अंगावरनं पहार घाल आन् काड दगड."

"आई, लोक बघतायत," हे म्हणाले. मग वाकून त्यांच्या कानाशी, पण मला ऐकू येईल असं, "काय आहे ते मला सांग ना. मी तुझाच मुलगा आहे. सरकारला कशाला द्यायचं?"

आत्याबाईंनी ह्यांच्याकडे अशी नजर टाकली की हे दोन पायऱ्या वर सरकले.

"निघू द्या की सोनं!" मागून डहाळे ओरडले. "सगळ्या पेठेच्या देखत निघू द्या! सोजरावहिनी, एकट्यानं पचायचं नाही ते!"

माणसं हसली. मी खांबाला धरून उभी राहिले आणि म्हणाले, "आत्याबाई, उठा. जे असेल ते जाऊ द्या त्यांच्याकडे. मला नको धन. मला माझं पोर पाहिजे."

आत्याबाईंनी मान वर केली. "तुजं पोरच राखतीया गं म्या," त्या म्हणाल्या. "तुजंच राखतीया."

तेव्हा धारप मॅडम पुढे आल्या. त्यांनी गड्यांना मागे व्हायला सांगितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि त्या आत्याबाईंच्या शेजारी, रस्त्यावरच्या मातीत बसल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण शांतपणे बोलल्या.

"कुणी सोन्यासाठी थांबला असाल तर घरी जा. काल एका मडक्याची बाजू उघडी पडली. आत हाडं आहेत. तान्ह्या बाळाची. तीन हजार वर्षांपूर्वी ह्या जागी घरं होती. त्या लोकांचं लहान मूल गेलं, तर ते दोन मडक्यांत ठेवून, तोंडाला तोंड लावून पुरायचे. अशी मडकी मी पुष्कळ पाहिलीत. सोनं एकातही नव्हतं."

मग कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. डहाळे आता मागे सरकू लागले. अंघोळ करूनच दुकानात बसायला हवं, असं काहीसं पुटपुटले आणि आधी तेच गेले. त्यांच्यामागून एकेक करून पेठ पांगली. हे वरच्या पायरीवर बसून राहिले. त्यांची जीपही गेली आणि मोटारसायकलही.

आत्याबाईंना मात्र लोक गेल्याचं कळलंच नव्हतं. त्या मॅडमकडे बघत होत्या.

"कुटं पुरायची म्हनलीस, बाई?"

"घरात. जमिनीखाली. बहुतेक चुलीजवळ, भिंतीच्या कडेला."

"घरातच? गावाभाईर न्हाई?"

"नाही. घरातच."

"का?"

"ते काही लिहून ठेवलेलं नाही, मावशी. लांब पाठवावंसं वाटत नसेल."

पायरीच्या दगडावर आत्याबाईंचा हात फिरत होता.

"मग ती लेकरं माघारी आली का?"

मॅडमनी ओठ आवळले. "ते मातीत सापडत नाही, मावशी."

आत्याबाई रडायला लागल्या. त्यांना रडताना मी सासरे गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. पदर तोंडात कोंबून, पुढे मागे झुलत त्या रडत होत्या, आणि मी वर खांबाला धरून उभी होते. मला कळलं होतं, पण अजून ते माझ्या आत उतरत नव्हतं.

"उज्ज्वला," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "म्या गंगंला नेली न्हाई तिला."

"कुणाला?" मी विचारलं. उगाच विचारलं.

"माज्या सासूनं सांगितलं व्हतं. लेकरू गेलं तर उंबऱ्यापाशी ठेवावं. त्येच्या आईचं पाऊल रोज त्येच्यावरनं गेलं पायजे, मंग ते त्याच पोटी माघारी येतं. तू तापात पडलीस, दिगू तुज्यापाशी. म्या घाटापत्तुर नेली तिला. पर तितं भटकी कुत्री व्हती गं. म्या कशी ठेवू? तशीच पदराआड घरी आनली. दुपारच्याला बाजार बंद व्हता. पहारीनं दगड उचलला, गाडग्यात ठेवली, वरनं परळ लावला, मातीनं लिंपला. कानामागं काजळाचं बोट लावलं, वळखू यावी म्हनून."

रोजची रांगोळी. ताप असला तरी मीच. वाकून त्या दगडावर रोज मी ठिपके काढत होते, आणि अवसेच्या अवसेला तिला शोधायला गंगेवर जात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मला का नाही सांगितलं?" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "मी तिकडे पाण्यात फुलं सोडत होते, आत्याबाई! तुम्ही बघत होतात!"

"सांगितलं आसतं तर तू ह्या पायरीवरनं उठली आसतीस का?"

मी उठले नसते. हे वरच्या पायरीवर दोन्ही हातांत तोंड झाकून बसले होते.

"आन् आली ना ती," आत्याबाई माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या. "आलीया माघारी. आता हितनं हलवली, तर आतली थांबायची न्हाई. एवडंच म्हनत व्हते म्या. बाळंत होऊ दे, मंग न्या दगड, न्या पायरी, मला न्या." मग मॅडमकडे वळून त्यांनी हात जोडले. "बाई, एवडं कर. तू शिकल्याली हायस, तुजं ऐकत्याल."

मॅडमनी खड्ड्याच्या कडेला जाऊन माती पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं.

"वहिनी, मी आज थांबवेन. उद्याही कदाचित. पण खड्ड्याची भिंत थांबणार नाही. ती पडली तर सगळं खड्ड्यात येईल, आणि वरून यंत्र फिरेल. तुम्ही ठरवा. ते जे गाडगं आहे, ते माझ्या कामाचं नाही. माझी मडकी तीन हजार वर्षांची. अलीकडचं मला काही दिसत नाही."

एवढं बोलून त्यांनी पोरांकडून हिरवी जाळी मागवली, आमच्या ओट्याभोवती आडोसा करायला लावला आणि पोरांना, गड्यांना घेऊन त्या समोर चहाला गेल्या.

आडोशाच्या आत आम्ही तिघं. पोटात अजून काही हललं नव्हतं. आत्याबाईंचं खरं मानावं, तर मी बारावी पास. आणि खोटं मानावं, तर दगड हलवायचा धीर होईना. पण यंत्र मी पाहिलं होतं. त्याचे दात कसे मातीत शिरतात आणि काय काय वर घेऊन येतात, ते मी दुकानात बसून रोज बघत होते.

मी पायऱ्या उतरले आणि खालच्या पायरीसमोर मांडी घालून बसले.

"आत्याबाई, काढा तिला."

"आगं पर आतली..."

"काढून ती जाणार कुठं? मी इथंच बसलेय ना? माझ्याकडेच द्या."

मी पदर पसरला.

हे उतरले, पहार घेतली आणि दगड कलता केला. आत्याबाईंनी पहारीला हात लावू दिला, पण मातीला नाही. माती त्यांनी स्वतःच्या नखांनी काढली. वेळ लागला. मग दोन्ही तळव्यांवर त्यांनी ते गाडगं उचललं. लहानसंच होतं, विरजण लावायला घेतो तेवढं. वर परळाचं झाकण, कडेनं वाळलेली माती. ओटी भरताना नारळ ठेवतात तसं त्यांनी ते माझ्या पदरात ठेवलं आणि सवयीनं माझ्या तोंडावरून हात उतरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

फार हलकं होतं. तिला मी पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते असं. मी तिच्याशी बोलले. काय बोलले ते सांगणार नाही. हे शेजारी बसून परळावरून एक बोट फिरवत राहिले. आम्ही उघडून पाहिलं नाही.

मग प्रश्न आला, आता कुठे? मी गंगा म्हणायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "ती बाई म्हनली तसं. चुलीपाशी. भिताडाच्या कडंला."

स्वयंपाकघरातली एक शहाबादी फरशी काढून आम्ही तिला तिथं ठेवलं. मॅडमची मडकी त्याच दिवशी निघाली, कापसात गुंडाळून पेटीत गेली. पायरी पुन्हा बसवली गेली खरी, पण आत्याबाईंनी तिच्यावर परत कधी दिवा लावला नाही.

दुपार कलल्यावर मी ताकभात खात होते, तेव्हा पोटात एक लाथ बसली. इतकी जोरात की वाटी हिंदकळली. "आत्याबाई," मी म्हणाले, "हललं." त्यांनी हातातलं उलथणं खाली ठेवलं आणि त्या तशाच भिंतीला टेकून खाली बसल्या. सकाळपासून हालचाल नव्हती हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी ते माझ्या तोंडावरून आधीच वाचलं होतं.

मी पूर्ण दिवस भरून बाळंत झाले. मुलगी. आता ती वीस वर्षांची होईल, आणि चपला कुठेही काढते.

त्या दिवशी सुईणबाईंनी तिला पुसून आत्याबाईंच्या हातात दिलं, तेव्हा मी अर्धवट ग्लानीत होते, पण डोळे उघडे ठेवले होते. आत्याबाई पोरीला घेऊन खिडकीच्या उजेडात गेल्या. त्यांनी हलकेच तिचा एक कान पुढे दुमडला आणि मागे पाहिलं. मग दुसरा. बराच वेळ त्या बघत होत्या. पुढे ती माझ्याजवळ आली, तेव्हा मीही पाहिलं होतं. दोन्ही कानांमागे कातडी नितळ होती. एक डागसुद्धा नव्हता.

आत्याबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी झोपल्याचं सोंग घेतलं. मग त्यांनी कनवटीची काजळाची डबी काढली, करंगळी बुडवली आणि पोरीच्या कानामागे एक ठसठशीत तीट लावली.

"आली गं," मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आपलीच हाय."